बीपी निघालं १५४/९८, घरच्या घरी काय करता येईल?

चादरवाला · २४ मे, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसता वाचत बसलोय, लिहायची वेळ बीपीने आणली.

वय ४४, वजन ८२, उंची ५ फूट ६. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकौंट्स बघतो, म्हणजे नऊ ते सात बूड खुर्चीला चिकटलेलं. १७ मेला उच्च रक्तदाब दिन असतो म्हणून कारखान्यात तपासणी ठेवलेली. मी आपला कामगारांना रांगेत लावायला गेलो तर तिथला पोरगा म्हणला साहेब तुमचंही बघू की. १५४/९८. परत बघितलं, १५०/९६. तोवर मी ठणठणीत होतो, आकडा ऐकल्यापासून मान जड, डोकं जड, सगळंच जड.

आमच्या डॉक्टरांनी रक्त, लघवी, ईसीजी करून घेतलं, साखर किडनी व्यवस्थित आहे. म्हणाले तीन महिने देतो, मीठ कमी करा, वजन कमी करा, व्यायाम करा, घरी मशीन आणून आकडे लिहून आणा, नाहीच उतरलं तर गोळी. आता बाहेर फिरायला जायचं म्हणलं तर जुळे सोलापुरात आमच्या गल्लीतली कुत्री पहाटे पाचला निघालेल्या माणसाला सोडत नाहीत, दुपारचा पारा ४३ आणि रात्री नऊलासुद्धा भिंतीतून वाफा. त्यामुळे दहा बाय बाराच्या हॉलमध्ये काय करता येईल ते सांगा. आणि शेंगा चटणी सोडावीच लागेल का? आणि गोळी एकदा सुरू झाली की मरेपर्यंत सुटत नाही म्हणतात ते खरं का? ह्या शेवटच्याचीच जास्त भीती वाटतीय खरं सांगायचं तर.

कडक_भाकरी · २४ मे, रात्री ११:०५

काय बे, चटणी सोडणार म्हणलालास? मग सोलापुरात राहून काय करलालास, जा की पुण्याला.

पुणेकर_नाइलाजाने · २४ मे, रात्री ११:११

इकडे नको, इकडे पार्किंग शोधतानाच २०० ला जातं.

निवृत्त_मास्तर · २५ मे, सकाळी ६:२०

आपले वय किती, त्यात १०० मिळवा, तेवढा वरचा आकडा चालतो असे आमच्या फॅमिली डॉक्टरांनी १९८५ साली सांगितले होते. ४४ अधिक १०० म्हणजे १४४. आपला आकडा फक्त दहाने जास्त आहे. उगाच घाबरू नये. माझे वय ७१, माझा १६५ असतो, मी रोज सिद्धेश्वर तलावाला फेरी मारतो.

स्टेथोवाली · २५ मे, दुपारी २:४०

सर, वयाबद्दल आदर आहे पण ते वय अधिक शंभरचं गणित कधीच मागे पडलंय. वयाप्रमाणे बीपी वाढताना दिसतं म्हणजे ते वाढलेलं चालतं असं नाही, वयाप्रमाणे मोतीबिंदूपण येतो. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ च्या वर सतत येत असेल तर ते जास्तच. अमेरिकेतल्या लोकांनी २०१७ पासून तर १३०/८० लाच रेघ मारलीय. तुमचं १६५ आहे तर फेरीबरोबर एक चक्कर दवाखान्यातही मारा, प्लीज.

@चादरवाला, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलंय. पण व्यायामाच्या आधी आकडा नीट घ्यायला शिका कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचा घरचा आकडा चुकलेला असतो. अर्धा तास आधी चहा नाही, कॉफी नाही, तंबाखू नाही. लघवी करून या. पाठ टेकून खुर्चीत बसा, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या उंचीला येईल. पाच मिनिटं गप्प बसा, गप्प म्हणजे मोबाईलपण नाही. मग एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजा. सकाळी आणि संध्याकाळी असं सात दिवस करा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. सुटा एक आकडा बघून ना हसायचं ना रडायचं. मनगटावरचं मशीन घेऊ नका, दंडावरचं घ्या.

माहेरवाशीण · २५ मे, संध्याकाळी ७:१५

डॉक्टरताईंना शंभर टक्के अनुमोदन. आईबाबा बाळीवेशीत, मी पुण्यात. बाबा रोज फोनवर सांगायचे आज १६८, आज १७२, आणि माझा इकडे जीव वरखाली. दिवाळीत गेले तेव्हा स्वतः बघितलं तर बाबा पट्टा सदऱ्याच्या बाहीवरून बांधतात, पलंगावर पाय लोंबकळत, आणि मशीन फुगत असताना आईशी भांडण चालू, का तर गॅस बंद केला का नाही. मी सदरा काढून खुर्चीत बसवलं, आईला शेजारी पाठवलं. १३६.

उलटी गंमत नवऱ्याची. त्याचा दंड जाडजूड, मशीनचा पट्टा कसाबसा बसायचा. पट्ट्यावरच लिहिलेलं असतं कितीपर्यंत चालतो ते, आमच्यावर २२ ते ३२ सेंटिमीटर होतं आणि ह्याचा दंड ३६. छोटा पट्टा आवळला की आकडा खोटा वाढतो. मोठा पट्टा आणला, बारा-पंधरा तिथेच उतरले, विनाव्यायाम. आता तो सगळ्यांना सांगत सुटलाय की मी जिम लावली.

काढा_किंग · २५ मे, रात्री ९:३०

गोळ्यांच्या नादी लागू नका. मला २०२१ ला १६० होतं, डॉक्टरने लगेच गोळी दिली, सहा महिने घेतली आणि सोडली. आता रोज सकाळी अर्जुनाच्या सालीचा काढा, दोन पाकळ्या कच्चा लसूण आणि साधं मीठ बंद करून सैंधव. दोन वर्षं झाली काही त्रास नाही. कंपन्यांचा धंदा आहे सगळा.

स्टेथोवाली · २५ मे, रात्री ९:५१

आता किती आहे तुमचं?

काढा_किंग · २५ मे, रात्री ९:५८

मोजत नाही. त्रास असेल तर मोजायचं ना.

पॉवरलूम · २६ मे, पहाटे ३:४०

नाईट शिफ्टला बसलोय म्हणून ह्या वेळेला लिहितोय. काढा किंग, राग मानू नका, माझ्या मोठ्या भावालापण काही त्रास नव्हता. त्यानेपण अशीच गोळी सोडली की बरं वाटतंय म्हणून, कुणी सांगितलं नव्हतं, आपल्या मनानेच. एक दिवस लूम चालू करायला हात उचलला तर उजवा हात वर जाईना, तोंड वाकडं. ५१ वय. आज चालतो थोडाफार, पण धाग्याची गाठ मारता येत नाही, आणि आमच्यात ज्याला गाठ मारता येत नाही त्याला कारखान्यात कोण घेणार. एवढंच सांगायचं होतं. लसूण खावा की, भाजीत चांगला लागतो.

काढा_किंग · २६ मे, सकाळी ८:०२

वाईट वाटलं वाचून. मोजतो आज.

स्टेथोवाली · २६ मे, दुपारी १:१०

पॉवरलूमदादा, हे लिहिलंत ते बरं केलंत. बीपी दुखत नाही हीच तर त्याची अडचण आहे, बहुतेकांना काहीही जाणवत नाही.

सैंधवाबद्दल पण सांगते. गुलाबी असलं तरी ते मीठच, त्यातपण जवळपास सगळं सोडियम क्लोराईडच असतं, वर आयोडीनची बोंब. वेगळी गोष्ट आहे ती कमी सोडियमच्या मिठाची, ज्यात थोडा भाग पोटॅशियम क्लोराईड असतो. चीनमध्ये ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर त्याचा मोठा प्रयोग झाला, २०२१ ला छापून आला, त्यात पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी दिसला. पण किडनीचा त्रास असलेल्यांनी किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका, रक्तात पोटॅशियम वाढलं तर ते हृदयाला भारी पडतं.

सुगरण_साखरपेठ · २६ मे, दुपारी ३:३०

मीठ कमी करा मीठ कमी करा सगळे म्हणतात, पण किती खातो ते कुणाला माहीत असतं? मी सोपा हिशेब सांगते. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, त्यात सगळं आलं. घरात चार माणसं असतील तर दिवसाला २० ग्रॅम, महिन्याला ६०० ग्रॅम. म्हणजे किलोचा पुडा पन्नास दिवस पुरला पाहिजे. पुडा फोडला की त्यावर पेनाने तारीख टाका. आमचा पहिला पुडा २६ दिवसांत संपला तेव्हा मी सासूबाईंकडे बघितलं आणि सासूबाईंनी माझ्याकडे. आणि ह्यात पापड, लोणचं, फरसाण, बेकरीची खारी, बाहेरची भजी धरलेलीच नाहीत.

आता चटणी. दादा, शेंगदाण्याने तुमचं काही वाकडं केलेलं नाही, गुन्हेगार मीठ आहे. बाजारच्या चटणीत ते टिकायला आणि चवीला भरपूर असतं. घरी करा. शेंगदाणे मंद भाजा, लसूण, जिरं, तिखट घेऊन उखळात तेल सुटेपर्यंत कुटा, मिक्सरला लावाल तर पीठ होईल आणि मग मला नावं ठेवाल. मीठ नेहमीच्या निम्मं. पहिला आठवडा अळणी लागेल, तीन-चार आठवड्यांत जीभ शिकते, मग बाहेरचीच खारट लागायला लागते. वरून घट्ट दही घ्या. ज्वारीच्या भाकरीत आपण तसंही मीठ घालत नाही, त्यामुळे भाकरी, चटणी, दही, कांदा हे जेवण पावभाजीपेक्षा कितीतरी चांगलं. फक्त चटणी तोंडी लावायला घ्यायची, भाजीसारखी वाटीभर नाही.

कडक_भाकरी · २६ मे, दुपारी ३:४४

ताई तुमचा पत्ता सांगा, मी पण येलालो. बीपी नाही मला पण करून घेतो.

चादरवाला · २६ मे, रात्री १०:२०

सुगरणताई, आत्ता बायकोला विचारलं. पाच माणसांत महिन्याला दीड किलो. म्हणजे माणशी १० ग्रॅम, बरोबर दुप्पट. बायको म्हणते तू ताटात वरून घेतोस ते आधी बंद कर, मग माझ्या स्वयंपाकाला बोल. आई मध्येच म्हणाली, "आमच्या वेळी कुणी मीठ मोजत नव्हतं, मला काय धाड भरलीय का." मशीन उद्या आणतोय. व्यायामाचं कुणीच बोललं नाही अजून.

पीटीचे_सर · २७ मे, सकाळी ५:५०

मी बोलतो. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये भिंत आहे ना? झालं मग.

पाठ भिंतीला टेका, पाय भिंतीपासून दोनेक फूट पुढे, आणि खुर्चीत बसल्यासारखं खाली घसरा, खुर्ची नाहीच. तिथेच थांबा. दोन मिनिटं धरायचं, दोन मिनिटं आराम, असं चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. एकूण पंधरा मिनिटांच्या आत काम होतं. २०२३ मध्ये ब्रिटनच्या एका मासिकात २७० प्रयोगांचा एकत्र हिशेब छापून आला होता, पंधरा हजारांवर माणसं. त्यात हे जागच्या जागी स्नायू ताणून धरायचे व्यायाम वरचा आकडा सरासरी आठने आणि खालचा चारने उतरवतात असं निघालं, चालणं-पळणं सायकल वगैरेने साधारण साडेचार आणि अडीच. वरच्या आकड्यासाठी तर ही भिंतीची खुर्ची सगळ्यात पुढे.

पहिल्याच दिवशी मांड्या जमिनीला समांतर करायच्या भानगडीत पडू नका. थोडंच खाली बसा, तीस सेकंद जमले तर तीस सेकंद, दर आठवड्याला वाढवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे श्वास धरायचा नाही. श्वास कोंडून जोर लावला की बीपी तेवढ्यापुरतं सटकन वर जातं. मी पोरांना मोठ्याने पाढे म्हणायला लावतो, पाढे म्हणणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही.

कडक_भाकरी · २७ मे, सकाळी ९:१५

थांबा थांबा. ही तर शाळेतली शिक्षा आहे! गृहपाठ नाही केला की गुरुजी भिंतीला खुर्ची करून बसवायचे. म्हणजे गुरुजींचं बीपी वाढायचं आणि आमचं उतरायचं. म्हणून मला आजवर बीपी नाही, चौथी ते सातवी रोज खुर्ची.

निवृत्त_मास्तर · २७ मे, सकाळी १०:००

मी ही शिक्षा ३४ वर्षे दिली. विद्यार्थ्यांनी आता आभार मानण्यास हरकत नाही. स्टेथोवाली ताई, काल जाऊन आलो. १७२/८८. गोळी दिली आहे.

गुडघ्यात_मेंदू · २७ मे, दुपारी १२:२०

माझे गुडघे वाजतात, मला ती खुर्ची झेपणार नाही. मग काय?

माझं सांगतो, कुणाला तरी उपयोग होईल. मागच्या वर्षी बीपी एकाएकी १६० च्या पुढे, गोळीचा डोस वाढवला तरी उतरेना. मीठ बंद, पापड बंद, बायको माझ्याकडे बिचाऱ्यासारखी बघायला लागली. शेवटी डॉक्टरांनी विचारलं आणखी काय काय घेता? मी म्हणलं काही नाही, गुडघ्यासाठी मेडिकलमधून एक पेनकिलर, रोज एक, चार महिने. ते कपाळावर हात मारून घेत होते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ह्या जातीच्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि बीपीच्या काही गोळ्यांचा परिणामपण मारतात. ती बंद करून दुसरी दिली, तीन आठवड्यांत १४० च्या आत. चार महिने मी उगाच बिनपापडाचा जगलो.

पीटीचे_सर · २७ मे, दुपारी १:०५

गुडघेवाल्यांनी मुठीचा करा. पूर्ण ताकद लावली तर जेवढी लागेल त्याच्या साधारण तिसरा भाग जोर, दोन मिनिटं मूठ आवळून धरायची, मग सोडायची, चार वेळा. त्याचं यंत्र मिळतं, पण नसलं तर मऊ चेंडू किंवा हातरुमालाची गुंडाळी. चादरवाले, तुमच्याकडे तर टॉवेलला तोटा नाही.

पॉवरलूम · २८ मे, पहाटे ४:१०

हे असं हॉलमध्ये भिंतीला टेकून वगैरे ठीक आहे हो, पण आमच्यासारख्याचं काय? बारा तास उभा, लूमचा खटखटाट कानात, एक आठवडा दिवस पाळी एक आठवडा रात्र, झोप दुपारी पत्र्याखाली. चार-पाच दिवसांनी पाणी येतं ते नेमकं झोपेच्या वेळी. पाण्याच्या दिवशी अख्ख्या गल्लीचं बीपी मोजा म्हणजे कळेल. आणि जागं राहायला चहा आणि तंबाखू. बायका घरी विड्या वळतात, त्या तर दहा तास मांडी घालून बसलेल्या. बीपी काय फक्त ऑफिसवाल्यांना होतं का?

स्टेथोवाली · २८ मे, दुपारी २:३०

दादा, तुमचं बरोबर आहे आणि माझ्याकडे ह्याला गोड उत्तर नाही. झोप मोडणं, रात्रपाळी, तंबाखू ह्या सगळ्याने बीपीवर परिणाम होतोच. तुम्ही दोनच गोष्टी धरा. तंबाखू, आणि वर्षातून एकदा नाही तर दर महिन्याला मोजणं, भावाला झालंय म्हणून तर जास्तच. सरकारी दवाखान्यात मोजणं आणि बीपीच्या साध्या गोळ्या फुकट मिळतात. बाराही तास उभं राहणं हा मात्र व्यायाम नव्हे, सलग दहा मिनिटं झपझप चालणं वेगळं. विडी वळणाऱ्या ताईंनी तासातून एकदा उठून पाच मिनिटं अंगणात फिरलं तरी फरक पडतो.

आणि उन्हाळ्यात ज्यांना लघवी जास्त होणारी गोळी चालू आहे त्यांनी उठताना चक्कर, डोळ्यापुढे अंधारी असं झालं तर बसून मोजा, उभं राहून मोजा आणि डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये घामाने पाणी-मीठ जातं आणि हिवाळ्याचाच डोस जड पडतो. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका.

माहेरवाशीण · २८ मे, संध्याकाळी ६:००

अवांतर: लहानपणी नळाला पाणी आलं की आजी अर्ध्या रात्री उठवायची ते आठवलं. आम्ही भावंडं कळशा भरायचो आणि गल्लीतल्या सगळ्या बायका एकमेकींना शिव्या देत देत हसायच्या. आता वाटतं तो व्यायामच होता.

पुणेकर_नाइलाजाने · २८ मे, संध्याकाळी ६:२०

शिव्या का कळशा?

चादरवाला · १ जून, रात्री ९:०४

लोकहो, घाबरलोय. भिंतीची खुर्ची केली, चार वेळा, शेवटच्या वेळी दीड मिनिट जमलं, पाढे एकोणीसच्या पुढे येत नाहीत हे पण कळलं. संपल्या संपल्या मशीन लावलं तर १७६/१०२!! व्यायामाने उलट वाढलं की. बंद करू का?

पीटीचे_सर · १ जून, रात्री ९:१५

अहो संपल्या संपल्या कोण मोजतं! स्नायू ताणलेला असताना बीपी वाढणारच, माझंपण वाढतं. जिना चढून आल्यावर मोजाल तरी तसंच येईल. व्यायामाच्या आधी मोजा. नियमित केलं तर काही आठवड्यांनी आरामातला आकडा खाली येतो, त्याची वाट बघायची.

स्टेथोवाली · १ जून, रात्री ९:४०

सरांशी सहमत. फक्त सगळ्यांसाठी: आरामात बसून मोजल्यावर वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या वर असेल तर हे व्यायाम आधी सुरू करू नका, डॉक्टरांना भेटा. आणि १८०/१२० च्या वर असून छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलणं अडखळतंय, एका बाजूला ताकद नाही, असं काही असेल तर धागा वाचत बसू नका, थेट हॉस्पिटल.

गोळी मरेपर्यंत का, ह्याचं उत्तर राहिलं होतं. बऱ्याच जणांना दीर्घकाळ लागते. काहींचं वजन उतरलं, दारू-मीठ कमी झालं की डॉक्टर डोस कमी करतात, क्वचित बंदही करतात. पण गोळीला तुम्ही चष्म्यासारखं का बघत नाही? चष्मा लागला म्हणून कुणी हरलो म्हणत नाही. व्यायाम आणि गोळी ह्या दोन विरोधी पार्ट्या नाहीत, युती आहे.

कडक_भाकरी · १ जून, रात्री ९:४६

मॅडम आजकाल युतीचं उदाहरण देऊ नका, त्यानेच बीपी वाढलालंय.

काढा_किंग · २ जून, सकाळी ७:३०

मोजलं. १६४/१००. तीन दिवस मोजलं, तेवढंच. दवाखान्यात गेलो होतो. काढा चालू ठेवला तर चालेल का विचारलं, तर म्हणाले काय काय घालता ते लिहून आणा आधी. ठीक आहे.

सुगरण_साखरपेठ · १४ जुलै, दुपारी ४:००

धागा वर काढतेय. आषाढीला कुणाकुणाचं बीपी वाढलं ते प्रामाणिकपणे सांगा. एकादशी आणि दुप्पट खाशी, साबुदाणा खिचडी, बटाट्याचा चिवडा, उपासाचे पापड. उपासाचं म्हणून मीठ काही बाहेर जात नाही हो पोटात गेल्यावर.

गुडघ्यात_मेंदू · १४ जुलै, दुपारी ४:२५

हात वर.

चादरवाला · २९ ऑगस्ट, रात्री १०:३०

तीन महिने झाले, हिशेब देतो, अकौंट्सवाला आहे.

वजन ८२ वरून ७८. मिठाचा पुडा पाच माणसांत आता ३६ दिवस जातो, चाळीसला न्यायचा आहे. खुर्ची आठवड्यात तीन दिवस, आता पूर्ण दोन मिनिटं चार वेळा, मांड्या थरथरतात पण धरतो. बाकीचे दिवस जेवणानंतर गच्चीवर अर्धा तास चालतो, आता पावसाने हवा बरी आहे. रविवारी मास्तर काकांबरोबर सिद्धेश्वर तलाव, हो, भेटलो आम्ही, त्यांचं आता १३८ आहे आणि ते चालताना माझे पाढे घेतात. चहा पाचचे दोन केले. शनिवारची बिअर बंद असं लिहिलं असतं पण खोटं होईल, दोनाची एक केली.

पहिल्या आठवड्याची घरची सरासरी १४८/९४ होती. ह्या आठवड्याची १३७/८८. मी खुशीत डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी पाठ थोपटली आणि मग विचारलं, वडिलांना काय झालं होतं? मी कधी सांगितलंच नव्हतं. बाबा ५६ व्या वर्षी पक्षाघाताने गेले. डॉक्टर थोडा वेळ वहीतले आकडे बघत बसले. म्हणाले, एवढं उतरवलंत ते सोडू नका, पण तुमच्या बाबतीत मी १३० च्या आत बघेन, एक छोटी गोळी सुरू करू. मे महिन्यात हे ऐकून मला रडू आलं असतं. आता रात्री जेवणानंतर घेतो, मुलगी आठवण करते. गोळीशिवाय जमलं नाही म्हणून वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण अकरा आकडे मी उतरवलेत, ते माझे आहेत.

खरी बातमी पुढेच आहे. रक्षाबंधनाला बहीण आली होती, मशीन बघून म्हणाली आईचंपण बघू. आई नको नको म्हणत बसली. १७४/९६. डॉक्टरताईंनी सांगितलं तसं पाच दिवस मोजलं, सरासरी १६८. ज्या बाईला धाड भरली नव्हती ती आमच्या घरात सगळ्यात वर निघाली, आणि मी तीन महिने माझंच मोजत बसलो होतो. सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते, तीस वर्षं. तिलापण गोळी चालू केलीय, मिश्रीवर वाटाघाटी सुरू आहेत, सकाळची सुटली, संध्याकाळची सुटत नाही.

आता विचारायचं हे की वय ६९, गुडघे गेलेले, भिंतीची खुर्ची शक्य नाही. तिला मुठीचा व्यायाम चालेल ना?

स्टेथोवाली · २९ ऑगस्ट, रात्री १०:५०

आठ-दहा दिवस गोळीने आधी १६० च्या खाली येऊ दे, मग चालेल. जोर कमी, श्वास चालू. पायावर सूज येतेय का बघत राहा, काही गोळ्यांनी येते, आली तर सांगा, आईंना स्वतःच्या मनाने गोळी सोडू देऊ नका. आणि बाबांचं आधी सांगायला हवं होतंत!

पॉवरलूम · ३० ऑगस्ट, पहाटे ३:५५

चादरवाले, भारी. मी पण तंबाखूचे एकवीस दिवस काढले. दोनदा चुकलो. दर महिन्याला मोजतोय, १३२ आहे.

चादरवाला · १२ सप्टेंबर, रात्री ९:१५

आईचं १४६ वर आलंय. मुठीचा व्यायाम सुरू केला, कारखान्यातला छोटा नॅपकिन गुंडाळून दिलाय. साडेआठच्या सिरियलमध्ये सासू बोलायला लागली की आवळते आणि जाहिरात लागली की सोडते. काल म्हणाली ह्या सासूला जरा जास्त वेळ बोलू द्यायला पाहिजे.

कडक_भाकरी · १२ सप्टेंबर, रात्री ९:२२

नॅपकिन कितीला बे? आणि सुगरणताई, पत्ता अजून नाही आला.